पत्त्याबाबत

सहकारनगर शाखा, सव्वाअकरा,
टोकन एकेचाळीस.
पोफळेबाईंनी काचेखालून पावती सरकवली.
"हे माझे सहा लाख. कुठे आहेत?"

सुरक्षित आहेत, मी म्हणालो.

"सुरक्षित आहेत का, असं नाही विचारलं.
कुठे आहेत, असं विचारलं."

भूगोल शिकवायच्या त्या, तीस वर्षं.
नववीच्या पोरांकडून कोळशाच्या खाणी
काळ्या पेन्सिलीने भरून घ्यायच्या;
रेघेबाहेर गेलं की नवा नकाशा.

पैशाला पत्ता नसतो मॅडम,
सगळा एका विहिरीत जातो.
"हो का? मग केवायसीला माझाच पत्ता
तीनतीनदा कशाला मागता?"
रांगेत कुणीतरी हसलं.

बदलीआधी चार वर्षं मी
मोठ्या कर्जांच्या मजल्यावर होतो.
औष्णिक प्रकल्प, सहा बँका मिळून,
आमचा वाटा नऊ टक्के.
छाननीच्या कागदावर एक चौकट असायची:
पर्यावरणीय व सामाजिक जोखीम.
जास्त लिहिलं तर कारणं जोडा,
कमी लिहिलं तर पुरावे.
मध्यमला काहीच जोडावं लागत नसे.
मी मध्यमवर खूण करायचो.

जागेवर गेलो एकदाच.
राखेच्या तळ्याकाठी एका बाईने
तांब्या पुढे केला, वर पदर धरून.
मी माझ्या बाटलीतलं प्यायलो.
अहवालात लिहिलं: स्थानिकांचे सहकार्य उत्तम.

त्याच जूनमध्ये तळजाईवर
बँकेने दोनशे रोपं लावली.
फोटोत डावीकडून तिसरा मी,
झारी रिकामी आहे, पण ते दिसत नाही.

ठेव मोडायची का, मी विचारलं.
"मोडून नेऊ कुठे? समोरच्यांकडे?
पाटी वेगळी, विहीर तीच.
लेखी उत्तर द्या मला.
नकाशा दिलात तरी चालेल, वाचता येतो."

अर्ज निळ्या शाईत, समास सोडून.
मी शिक्का मारला: मिळाले.

आवक नोंदीत विषय निवडावा लागतो.
चेकबुक, व्याज, वारस, तक्रार...
तक्रार नव्हती ती.
यादी दोनदा खालीवर केली
आणि त्यातल्या त्यात जवळचं निवडलं:
पत्त्यात बदल.

यंत्राने लगेच विचारलं, नवा पत्ता?

गावाचं नाव मला पाठ होतं,
पिनकोडसकट.

बेचाळीस नंबर काचेवर
नाणं वाजवत होता.