खोड

गेंदालाल केवट दोनदा नुसता येऊन गेला.
तिसऱ्यांदा नावच घेऊन आला, ट्रॉलीवर पालथी,
मागे शाळकरी पोरं, एक कुत्रं.
"बाई, तुमचे वडील मिलमध्ये सुतार होते ना?"
होते. सत्तावीस वर्षं धोटे घडवले,
होडी एकही नाही.
आणि मला इंदुरात पाणी माहीत ते नळाचं,
एक दिवसाआड.

तरी माळ्यावरून पेटी उतरवली.
वाकस, पटाशी, सामता.
रंध्याच्या मुठीवर अण्णांच्या अंगठ्याचा खळगा,
उजव्या.
मी डावखुरी.

पहिला आठवडा खरवडण्यात गेला.
निळा, त्याखाली कुठल्याशा निवडणुकीत उरलेला हिरवा,
त्याखाली गेरू, मग डांबर,
डांबरात लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे.
गेंदालाल बिडी विझवत सांगत होता:
आजाने महेश्वरला बांधून घेतली, सागाची.
बारा वर्षं नर्मदेत.
मग दोन बैलगाड्या जोडून, घाट चढवून,
यशवंत सागरात,
कारण आजीला नदीकाठी राहायचं नव्हतं.
का, ते त्याने सांगितलं नाही.
मी भेगेत सुतळी ठासत राहिले.

तळाच्या तीन फळ्या गेलेल्या.
उरलेल्यांत डावं अंग बोटभर झिजलेलं,
बारा वर्षं धारेला तेच दिलेलं.
"तळ्यात ही सरळ जात नाही," तो म्हणाला.
मी गुण्या लावला, पेन्सिल कानामागून काढली,
म्हटलं, दोन्ही बाजू सारख्या करून देते.
त्याने फळीवर तळवा ठेवला.
"रहने दो. आदत है उसकी."

आदत. आमच्यात खोड म्हणतात.
आणि झाडाचं असतं तेही खोडच.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अण्णा म्हणायचे
मी करवत धरली की.
इथे तर साग मरून सत्तर वर्षं होत आली.

मी पेन्सिलीची रेघ थुंकीने पुसली.

काठाशी दोन दिवस तिला बुडवून ठेवली,
फळ्या फुगाव्यात, सांधे मिटावेत म्हणून.
मग उपसली.
मी चपला हातात घेऊन चिखलात.
गेंदालाल डावीकडे दोनदा वल्हं मारी, उजवीकडे एकदा,
बोलता बोलता, न बघता.

पैशांचं कुणीच काढलं नाही.
रविवारी फाटकाला पिशवी, आत ओला रोहू,
आमच्या घरात मासा शिजत नाही.
मी शेगडी अंगणात नेली.