बेत

तळघरात बॉयलरशेजारी माझं टेबल.
वर खिडकीची फट, तिच्यातून दिसतात
शेजाऱ्यांचे बूट आणि मार्च संपत आला तरी न हललेला बर्फ.
डुलुथचं सरोवर अजून गोठलेलं,
लोहखनिजाच्या धक्क्याला एकही जहाज नाही,
आणि सदतीस वर्षं वेल्डिंग केलेल्या बोटांनी
मी नेढ्यात दोरा ओवतोय. चौथ्यांदा.

समोर कोट. बेचाळीसचा असावा,
फौजेतल्या कामकरी पोरांसाठी शिवलेला. निळा डेनिम,
खाली दोन रुंद खिसे, मधोमध भोक असलेल्या पत्र्याच्या गुंड्या.
पुलापलीकडच्या जुन्या बाजारात मिळाला
ऐंशी डॉलर आणि एक वापरलेला ड्रिल देऊन.
आत छापलेल्या आडनावातलं धुऊन धुऊन
फक्त शेवटचं 'सन' उरलंय,
इथं निम्म्या गावाचं आडनाव तिथंच संपतं.

शिवायचं तर आधी उसवायचं.
दाढीच्या पात्यानं एकेक टाका तोडतो, चिमट्यानं ओढतो.
शिवणीच्या आत, जिथं ऐंशी वर्षं ऊन पोचलं नाही,
तिथला निळा अजून ओला वाटतो.
पाठीचा तुकडा ब्राऊन पेपरवर पसरून
कडेनं पेन्सिल फिरवतो,
पोलीस मेलेल्याभोवती खडू फिरवतात तशी.
ही उपमा मलाच आवडत नाही. उठून कॉफी करतो.

कापड मागवलं ओकायामाहून,
जुन्या मागावरचं, काठाला बारीक लाल दोरा.
ज्यांच्याशी लढायला हा कोट शिवला
त्यांच्याच मुलखात आता तसं कापड मिळतं.
यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटलं,
पण आधी ते धुतल्यावर किती आकसतं ते बघायचं होतं.
टबात घातलं.
वाराला दोन बोटं आकसलं.

मग कळलं, डाव्या बाहीची मुडप उलटी आहे.
उजवीची मागे वळवलेली, डावीची पुढे.
कुणा बाईचा तो दिवसातला साठावा कोट असेल,
किंवा आयुष्यातला पहिला.
तपासनिसानं पाहिलं नसेल, किंवा पाहिलं असेल
आणि घड्याळाकडे बघत म्हणाला असेल, जाऊ दे.
तीन दिवस मी त्या बाहीपाशी अडलो.

पुतण्याचा ऑरिन आला. त्याच्यासाठीच तर हा उद्योग.
म्हणाला, कोपरं आधीच झिजवून देशील?
पॉलिश पेपरनं होतं, मी पाहिलंय.
म्हणालो, कोपरं तुझी, तू झिजव.
गाडीखाली झोप, टेबलावर रेलून काहीतरी वाच,
एखाद्या मुलीची वाट बघत कठड्याला टेकून उभा राहा.
त्याला वाटलं मी रागावलो.
थोडासा रागावलोही होतो.

खडूच्या रेघा मारल्या, कातर उचलली.
कापड बेततात,
आणि कुणाच्या जिवावरही बेततं. शब्द एकच.
हा कोट ज्याचा, त्याचं काय झालं, ठाऊक नाही.
खिशात चिठ्ठी नव्हती, फोटो नव्हता,
शिवणीत अडकलेला भुसा होता, चिमूटभर.
म्हणजे निदान एक दुपार तरी
त्याच्या हातात करवत होती.
तो भुसा फुंकरीनं उडवायचं जिवावर आलं.
काडेपेटीत ठेवलाय.

शेवटी डावी बाही उलटीच शिवली, तिनं शिवली तशी.
मुद्दाम चुकणं सोपं नाही,
हात आपोआप बरोबर वळतो.
चूक नीट यावी म्हणून दोनदा उसवावं लागलं.
ऑरिनला सांगितलं नाही.

तिसऱ्या गुंडीचं काज वाकडं गेलंय.
ते तिचं नव्हे, माझं.
बॉयलर धडधडत चालू झाला,
मी दिवा जवळ ओढला
आणि चौथ्या काजाला लागलो.