पेटी क्रमांक एक्केचाळीस

पहिल्या नकाशात डोंगर सोपा होता.
तुर्भ्याच्या खाणीवर, पत्र्याच्या शेडमध्ये
खिळा मारून टांगलेला:
आडवे थर, घडी घातलेल्या गोधडीसारखे,
आणि खाली कुणीतरी ठामपणे लिहिलेलं,
'एकसंध. साठ मीटर. घट्ट.'
त्या तीन शब्दांवर पदाजीशेठनं दोन क्रशर घेतले, कर्जानं.

वर्षभर दगड नकाशाप्रमाणे वागला.

मग पूर्वेच्या पायरीवर सुरुंग उडाला
आणि धुरळा बसला तो लाल.
दोन लाव्ह्यांच्या मधली भाजलेली माती.
म्हणजे एक लाव्हा आला, निवला,
त्यावर पाऊस पडत राहिला, माती झाली,
बहुधा काही उगवलंही,
आणि मग दुसरा आला.
शेठ म्हणाला, "मॅडम, मदी ही सुट्टी कुनी घेतली?"

मी अकरा भोकं पाडून घेतली.
दगडाच्या कांड्या लाकडी पेट्यांत, उसासारख्या.
पाणी मारून बघायच्या; ओला दगड खोटं बोलत नाही
असं शिकवलं होतं.
सातव्या भोकानं मला तीन महिने फसवलं.

दुसरा नकाशा: तीन थर, पश्चिमेला कललेले.
खाणीचं तोंड फिरवलं. रस्ता मोडला, पुन्हा बांधला.
मधल्या थरात फुगे, फुग्यांत पांढरे स्फटिक;
काँक्रीटवाल्यांनी तीस डंपर परत पाठवले.

मरियप्पा हातोडीनं दगड वाजवायचा.
"ह्यो भरलेला. ह्यो पोकळ.
आन् हितं, बाई, उभं हाय कायतरी."
मी नोंदवलं नाही.
वहीत 'आवाज' असा रकाना नव्हता.

होतं. थर चिरत वर आलेली नऊ मीटरची भिंत,
आणि तिच्या कडेनं झिरपणारं पाणी.
तिसरा नकाशा. तोंड पुन्हा फिरलं.

आता सातवा आहे, संगणकावर,
बोटानं फिरवता येतो, चूक फार तर वीतभर.
त्यात डोंगराचा जो भाग सगळ्यात नीट कळतो
तो उलव्याच्या भरावात आहे, उरणच्या रस्त्याखाली,
सानपाड्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या स्लॅबमध्ये.
उरलेला तुटक रेषेत.

'आवाज' हा रकाना मी वाढवलाय.
भरणारा विजापूरकडे गेला, गावी.

पेटी एक्केचाळीस अजून शेडमध्येच.
चौदा मीटरवरची ती हिरवट कांडी
सातही नकाशांत कुठेच बसत नाही.
आज पुन्हा ओली केली.
वाळेपर्यंत बघत बसले.