आधी प्लग नको

"थांब, आधी प्लग नको," मी म्हणतो,
आणि शहापुरातल्या दुकानात
मुरग्याप्पा अंगडींचा पोरगा
वायर हातात धरून तसाच उभा.

आवाज काय, दुकानात सगळ्यांचाच गोड असतो.
आधी उचलून बघायचं, एका हातानं,
कोपऱ्याला धरून, बाजारात कोहळा उचलतात तसं.
हलका लागला की माझं निम्मं मन तिथंच उठतं.
म्हणजे ट्रान्सफॉर्मर आत नाही,
तो बाहेर लोंबणार, सॉकेटात, वटवाघळासारखा,
आणि कडोलीच्या देवळात कुणाचा तरी पाय अडकून
ऐन आरतीत सगळं मुकं.

मग पालथा घालायचा. स्क्रू मोजायचे.
पत्रा मधोमध अंगठ्यानं दाबायचा.
डब्यासारखा टकटक बोलला तर बोलू दे,
आपण भाव करताना आठवायचं.

नॉब लगेच फिरवायचा नसतो.
आधी हलवायचा, दुधाच्या दातासारखा.
बुडाशी नट असेल तर दात पक्का.
नसेल तर तो नुसता हिरव्या पाटीवर उभा आहे
सोल्डरच्या तीन थेंबांच्या भरवशावर,
आणि येळ्ळूरचा रस्ता त्या थेंबांना माहीत नाही.

पॅनचा नॉब मध्यावर येताना
बोटाखाली एक बारीक खळगा लागतो.
लागला पाहिजे.
स्टेजमागं दिवा नसतो कधी,
तेव्हा मध्य कुठं, ते तोच सांगतो.

आणि फेडर.
चांगला फेडर आधी थोडा नाही म्हणतो,
मग हो म्हणतो,
आणि सबंध वाटभर तेवढाच हो.
वाईट फेडर खाली चिकट, वर सैल,
लग्न ठरेपर्यंतच्या पाहुण्यासारखा.

हे मला कॅम्पातल्या इनासमामानं शिकवलं.
त्याचा आठ चॅनलचा, कोपरा चेमटलेला, विटेसारखा जड.
फेडरखाली पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर कालची, तिच्यावर परवाची:
कन्नडात तबला, मराठीत पेटी,
परत कन्नडात नवरदेवाचा काका,
मग कुठल्याशा पक्षाचं नुसतं चिन्ह.
एकदा बसल्या बसल्या मी नखानं उचकटत गेलो.
सात थर.
सगळ्यात खाली अक्षर नव्हतं, एक बाण होता,
दोन नंबरच्या फेडरच्या निम्म्यावर.
"ते एका स्वामींचं," मामा म्हणाला,
"ह्याच्या वर नेलं की ते उपदेश सोडून
रागवायलाच लागायचे."

माझा डावा कान निपाणीत गेला,
बाराव्या सीझनला, डीजेच्या भिंतीपाशी.
तेव्हापासून बोटांवर जास्त भार आहे.
पोरगा हे ऐकतो आणि विनाकारण
स्वतःचा कान चोळतो.

"आता लाव," मी म्हणतो.
हिरवा दिवा. हेडफोनचं भोक थोडं ढिलं.
गेन पुरा वर नेला, खाली काही नाही,
नुसती शेगडीवरच्या तव्याएवढी सळसळ.
बरा आहे. आवाज खरंच बरा आहे.
तो माझ्या नावडीचा आहे फक्त.

वरच्या फळीवर दुसरा आहे, लोखंडी, आतल्या ट्रान्सफॉर्मरचा.
त्याचा फेडर मी एकदाच वर-खाली केला
आणि हात मागं घेतला.
खिशात साडेचार हजार.

"घ्या की ओ हाच," मुरग्याप्पा गल्ल्यावरून म्हणतात,
"वर्षभर काय होतंय बघा त्याला."
वर्षभराचं मलाही माहीत आहे.
मी म्हणतो, सव्वाचार. आणि चिकटपट्टीचा एक रोल, फुकट.

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात माझे जास्तीचे स्क्रू आहेत,
वॉशर आहेत, रबराचे तुकडे.
रात्री बसून जमेल तेवढं पक्कं करीन.
अडॅप्टरच्या वायरीला एक गाठ, हँडलभोवती,
पाय अडकला तरी आधी गाठ ओढली जाईल.

बसमध्ये तो मांडीवर.
वजन असं जाणवतच नाही,
दोनदा हात लावून बघितलं, आहे ना.
सांबऱ्यात रविवारी बारसं.
पहिली पट्टी आताच लावून टाकली, कोरी.
कोण कोण बोलणार, गाणार,
ते तिथं गेल्यावर लिहू.