नावं जातील

वाळपईत वैशाखात वीज सांगून जात नाही,
आणि येते तेव्हा दारावर लाथ मारल्यासारखी,
एकदा, दोनदा. तिसऱ्या लाथेला
कॉम्प्युटर निळा पडला, साप चावल्यासारखा,
आणि इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करत बसला.

आधी मी त्याचंच ऐकलं.
'मागच्या तारखेला परत जा' असं बटण होतं.
वाटलं, किती सभ्य यंत्र,
माणसाला कुठे मिळतं असं बटण.
तारखा दाखवल्या त्याने: शिगम्यानंतरची एक,
एक चतुर्थीच्या आदल्या रात्रीची.
दोन्ही दाबून पाहिल्या.
दर वेळी शेकडा एकोणसाठावर थांबायचं
आणि सांगायचं, काहीही बदललेलं नाही.

बॅकअप होता. कपाटात, जुन्या चेकबुकांखाली, काळ्या डबीत.
जोडला तर आतून चुक-चुक, चुक-चुक.
पाल बोलली, बायको म्हणाली, खरं आहे म्हणते.
काय खरं, ते विचारलं नाही मी.
शेवटचा बॅकअप सहा वर्षांपूर्वीचा,
हे फक्त मला माहीत होतं.

मग होंड्याहून रुझार आला, स्कूटरवर.
वीस वर्षं तारवटी. भर समुद्रात कप्तानाचा लॅपटॉप
त्याने जिवंत केला होता, असं तो सांगतो;
दर वेळी समुद्र वेगळा असतो.
बाजूचा पत्रा काढला. आत धूळ,
मुंग्यांची वाळलेली रांग, पालीच्या अंड्याचं टरफल.
खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाला,
ह्याच्यावरून चालू करू. तुझ्या डिस्कवर
एक अक्षरही लिहायचं नाही.
बुडत्या होडीत कोणी सामान भरतो?
आणि मग, चहा बशीत ओतताना:
'नांवां वतलीं, बाब. वस्त उरतली.'

रात्रभर ते मोजत राहिलं.
शेजारच्या भट्टीवरून हुर्राकाचा वास,
मागे कुठेतरी फणस पडला.
सकाळी चौदा हजार दोनशे अकरा फाइली,
सगळ्यांचं नाव 'एफ' आणि पुढे आकडे,
शिरगणतीवाल्याने घाईत लिहावीत तशी माणसं.
काजूच्या बोंडांचा हिशोब कुठला, मुलीचा दाखला कुठला,
उघडल्याशिवाय कळायचं नाही.

तर उघडत बसलो. रोज शंभर.
वीजबिल. काल्याच्या वर्गणीची यादी.
बारशाचा फोटो, वर माणसं, अर्ध्याखाली राखाडी.
एका पानावर नुसतं 'आई आई आइ ईआ',
मुलगी टायपिंग शिकत होती तेव्हाचं.
त्याचं नाव मी तेच ठेवलं.

एक गोष्ट रुझारने सांगितली नव्हती,
किंवा सांगितली असेल, माझं लक्ष हिशोबात होतं:
हे परत आणताना विचारत नाही
काय हरवलं होतं आणि काय टाकून दिलं होतं.
तीन हजार सत्तेचाळीसावी: गुरुदास.
माझा भाऊ, बागेच्या बांधावर, डोक्याला माझाच पंचा,
हसतोय. इन्व्हेंटरीचा दावा अजून लागलेला नाही,
वकिलांनी अजून झाडं मोजलेली नाहीत.

म्हापशाहून निकाल घेऊन परतलो त्या रात्री
एकेक करून पुसला होता त्याला,
कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली होती.
आला सगळा. अठ्ठावीस वेळा.
फोनवर रुझार म्हणाला, पुसलं म्हणून काही जात नाही,
नुसती दारावरची पाटी काढतात.
आत माणूस असतोच,
दुसरा कोणी राहायला येईपर्यंत.

हिशोबाला नाव दिलं. दाखल्याला दिलं.
ह्या अठ्ठाविसांपाशी आलं की मी पाणी प्यायला उठतो.
काल बायकोने एकाला दिलं, मला न विचारता:
'भावजी, दोन हजार अकरा, बोंडं कमी होती.'

खरं आहे. त्या वर्षी कमीच होती.