तीन चाळीसला भोंगा

सुनंद गांगुर्डेच्या चौथ्या गाण्यात
तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर
आमच्या प्रेसचा भोंगा वाजतो.
त्याने तो काढला नाही.
म्हणाला, भोंगा नको असेल
तर जेल रोडला राहायचं कशाला?

मी नोटा तपासते. एकवीस वर्षं.
शाई फुटलीय का, नंबर सरकलाय का.
दिवसाला किती, ते सांगायचं नसतं.
सुटताना झडती. डबा उघडा, चप्पल काढा,
अंबाड्यातही बोट फिरतं.
कागदाचा कपटा बाहेर येत नाही.
भोंगा तेवढा रोज येतो, कुणी अडवत नाही,
आणि एका संध्याकाळी तो शिरला
जिन्याखालच्या खोलीत, टांगलेल्या गोधड्यांमधून,
जिथं सुनंद वडलांची क्लॅरिनेट वाजवत होता.

वडील भद्रकालीतल्या बँडमध्ये.
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
वरातीत सगळ्यांच्या पुढं
आणि पंगतीला सगळ्यांच्या मागून.
सुनंदने कोट ठेवला नाही.
फुंकर ठेवली.

ती गाणी मी विकत घेतली होती,
दीडशे रुपयांना, फोनवरून, लेकीने शिकवल्यावर.
खाली लिहून यायचं:
यातले एकशे पंचवीस कलाकाराला.
हिशेब असा उघडा मांडलेला मला आवडतो.
दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप,
काकू, तुमच्या पैशांत रीड आली.
रीड म्हणजे वेताची चपटी काडी.
ती चिरली की पुढचं सगळं नुसती हवा.

मग ते दुकान विकलं गेलं.
आधी विमावाल्यांनी घेतलं,
वर्षभरात त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं,
ज्यांचं नाव लेकीलाही धड उच्चारता येईना.
दोन्ही वेळा पत्र आलं:
काहीही बदलणार नाही.
आमच्याकडे साहेब बदलला की
पहिल्या सभेत हेच सांगतो
आणि सोमवारी कॅन्टीनचा चहा पातळ होतो.

आधी तो एकशे पंचवीसचा आकडा दिसेनासा झाला.
मग सुनंदला तीन महिन्यांचे मिळून
एकोणीस रुपये चाळीस पैसे.
चाळीस पैसे!
एवढी वर्षं पैशांत गेली माझी,
चाळीस पैसे कशावर छापतात, मला माहीत नाही.

कॉलनीत आमची भिशी आहे. चौदा जणी.
मी म्हटलं, यंदा एक चिठ्ठी वाढवू, सुनंदची.
वत्सला साळवे म्हणाली, त्याचा हप्ता कोण भरणार?
म्हटलं, तो वाजवेल.
शकीला हसली.
कोकाटेबाई म्हणाल्या, गाणं तर फुकट मिळतं की आता,
माझा नातू दिवसभर ऐकतो.
म्हटलं, बाई, तुम्ही प्रेसमधल्या ना?
कोऱ्या कागदावर पाचशे लिहून दिले
तर भाजीवाली कोथिंबीर तरी देईल का?
नोटेमागं कुणीतरी उभं असतं.
गाण्यामागंही एक जण उभा आहे,
जिन्याखाली, घामाने निथळत,
पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो.

कोकाटेबाई भिशीतून निघाल्या.
आणखी एक निघाली, कारण सांगितलं नाही.
बारा उरलो.

तिसऱ्या महिन्यात सुनंदची चिठ्ठी निघाली.
पाकीट घेऊन मीच गेले. सहा हजार.
तो मोजेना. मी मोजायला लावले.
सोबत बारा पेनड्राइव्ह नेले होते,
कुणाच्या नातीचे, कुणाचे ऑफिसातून आणलेले,
एकात अख्खं लग्न.
त्याने सगळ्यांत गाणी भरली.
म्हणाला, हे आता कुणाला विकत घेता येणार नाही.
आणि हरवलं तर?
तर या की, काकू. जिना माहीत आहे तुम्हाला.

शकीलाने रात्री ऐकलं, मिक्सर बंद करून.
तीन चाळीसला ताडकन उठली
आणि डबा शोधू लागली.