एक बोट ढील

शंभर टायचं पुडकं, आठ इंची, काळ्या.
खडेबाजारातल्या दुकानदारानं ते काउंटरवर टाकलं
आणि कन्नडात विचारलं, पांढऱ्या नकोत?
मी मराठीत म्हटलं, पांढऱ्या उन्हात करकरतात,
खांबावर दोन उन्हाळे काढत नाहीत.
त्यानं हिंदीत पैसे सांगितले.

भरमाण्णा सोबत असता तर
त्यानं पुडक्याला हात लावला नसता.
त्याच्या पेटीत चिंध्यांचे गोळे असायचे,
वडगावच्या मागांवरून आणलेले काठ,
वाया गेलेल्या साडीचे, दोन बोटं रुंद,
जांभळे, मोरपंखी,
कधी जरीचा एखादा चुकार धागा.
रुद्राप्पा ते फुकट द्यायचा,
बदल्यात भरमाण्णा त्याच्या मागाची मोटर बघायचा.
आमच्या स्पीकरच्या वायरी
लग्नाला निघाल्यासारख्या दिसायच्या.

सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली.
"गाठ अशी मार," तो सांगायचा,
"की सोडणारा शिव्या देणार नाही.
आणि आत एक बोट जाऊ दे.
वायर तापते गा."

मी बावीस वर्षांचा होतो.
टाय ओढताना येणारा तो आवाज, कर्रर्र,
तेवढ्यानंच काम झाल्यासारखं वाटायचं.

मग येळ्ळूरचं नाटक.
दुसऱ्या अंकात राजाचा माईक गेला.
स्टेजमागं चौदा वायरींची मोळी,
दर वितीला एक टाय,
नख शिरणार नाही इतकी मीच आवळलेली.
मेलेली वायर कुठली ते कळेना.
तोंडात बॅटरी धरून कटर चालवला,
टायबरोबर चांगली वायरही सोलली,
मग प्रधानाचाही माईक गेला.
राजा नरड्याच्या शिरा ताणून राज्य करत होता.
मागून कुणीतरी ओरडलं,
"महाराज, आधी लाइटवाल्याला फाशी द्या!"

पहाटे मंडप उतरला.
भरमाण्णा वाकून गवतातून
तुटक्या टायचे तुकडे वेचत होता.
मला एक शब्द बोलला नाही.
फक्त एकदा, स्वतःशीच,
"इथं शेळ्या येतात चरायला."
कापलेल्या टोकांनी त्याचं मनगट ओरबाडलं होतं,
पांढऱ्या रेघा, मांजरानं मारल्यासारख्या.

आता उद्यमबागेत पॅनल बसवतो तेव्हा टायच लावतो.
ते दार पाच-पाच वर्षं कुणी उघडत नाही,
आणि टोक बुडाशी कापून बोट फिरवून बघतो.
मंडपाला अजून काठच. मध्यंतरी
बुटाला असते तसली खरखरीत पट्टी आणली होती,
तिनं पहिल्याच मैदानात
इतकं कुसळ आणि भुसा पकडला
की वायर सोडून तेवढंच धरून बसली.

परवा दवाखान्यात
भरमाण्णाच्या मनगटावर प्लास्टिकचा पट्टा होता.
नाव कन्नडात, बरोबर. वय सहा वर्षांनी कमी.
टायसारखाच बारीक दात, एकदा लागला की संपलं.
मी पट्ट्याखाली बोट सारलं.
त्यानं डोळे मिटूनच विचारलं,
"काय करुलास?"
"ढील बघतो."
"हाय काय?"
"हाय."
"मग शिकलेली पोरगी हाय," म्हणाला, आणि झोपला.

आज सोडलं त्याला.
पोरगी कात्री घेऊन आली तसा त्यानं हात मागं घेतला.
"टाचणी हाय काय, बाई?
दात उचलला की सुटतीय ती."
"अज्जा, टाकूनच द्यायचं आहे ते."
"टाकू की. आधी सुटू तर दे."

ती हसली. बॅजची पिन काढून दिली.
त्याचा हात थरथरत होता,
म्हणून दात मी उचलला.
पट्टा आपसूक मागं सरकला, आवाज न करता.
त्यानं तो सरळ केला, गुंडाळला,
शर्टाच्या खिशात टाकला
आणि माझ्या हातातल्या पुडक्याकडं बघून म्हणाला,
"कितीला पडलं हे?"